सातवा गट

मालवणच्या किनाऱ्यावर नवा माणूस उतरला, की त्याच्यावर संशोधन सुरू होतं. ‘खंयसून इलात?’ हा पहिला प्रश्न, ‘कोणाकडे?’ हा दुसरा. मग गाव, आडनाव, आजोळ, मुंबईत राहायला कुठे आणि सावंतवाडीला दिलेली बहीण नेमकी कुठल्या घरात. पाचव्या मिनिटाला निष्कर्ष जाहीर होतो : ‘म्हणजे तुमी आमच्या शेजाऱ्याच्या साडवाचे भाचे!’ एवढ्या कामासाठी विद्यापीठात तीन वर्षं, एक मार्गदर्शक आणि अनुदान लागतं. इथे फक्त पारावर बसावं लागतं.

त्यामुळे कॉलेजातलं कोणी प्रश्नावली घेऊन दांडीच्या किनाऱ्यावर आलं, की कोण कोणाचा अभ्यास करतंय हे सांगणं अवघड होतं. मुलगी विचारते, ‘काका, महिन्याला सरासरी किती मासळी मिळते?’ काका जाळ्यावरची नजर न काढता म्हणतात, ‘दर्या काय सरकारी नोकरी आसा, म्हयन्याक पगार देऊक?’ प्रश्नावलीत या उत्तरासाठी चौकोन नसतो. मग काकाच विचारतात, ‘तू कोणाचा गो चेडू? जेवलंस?’ त्याला मात्र तिच्याकडे उत्तर असतं, आणि मुलाखत खऱ्या अर्थानं तिथून सुरू होते.

मुंबई विद्यापीठाची हद्द मुंबईपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत आहे, त्यामुळे ‘आविष्कार’चं वारं आमच्याकडेही येतं. कुलपती म्हणजे राज्यपाल. त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकारानं २००६ साली सुरू झालेलं हे राज्यभरातल्या विद्यापीठांचं संशोधन संमेलन. आधी भित्तिपत्रक लावायचं, परीक्षकांना पटलं तर मंचावर जाऊन बोलायचं. कॉलेजात महिनाभर आधीपासून प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच संगणकावर वाकलेले दिसतात. भित्तिपत्रक छापून देणारा फ्लेक्सवाला बहुधा पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचा माणूस असतो. सगळा मजकूर, आलेख, तक्ते बघून झाल्यावर तो काळजीनं विचारतो, ‘फोटो खंयच्या सायबाचो टाकूचो?’

संमेलनात सहा गट. मानव्यविद्या, भाषा व ललित कला हा एक. वाणिज्य, व्यवस्थापन आणि विधी हा दुसरा. मग शुद्ध विज्ञान, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान, वैद्यक व औषधनिर्माण. व्यवस्था चोख आहे. अडचण एवढीच, की किनाऱ्यावरची कुठलीही गोष्ट यातल्या एका गटात गप्प बसत नाही.

रापणच घ्या. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ काढून परत येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि वाडीतली माणसं दोन बाजूंनी ओढायला लागतात. जाळ्याचं वजन, दोराचा ताण, पाण्याची ओढ हे अभियांत्रिकीचं. कुठल्या वाऱ्याला तारली काठाशी येते, ते शुद्ध विज्ञानाचं. जाळ्याचा किती, होडीचा किती, ओढणाऱ्याचा किती, हा वाटणीचा हिशेब वाणिज्याचा; आणि कोणी कुठपर्यंत कसली जाळी टाकायची हे १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याचं, म्हणजे विधीचं. विकली न जाणारी मासळी माडाच्या मुळात जाते, ती कृषीची. ओढताना घातलेली आरोळी भाषा व ललित कलांची आणि रात्री दुखणारी कंबर वैद्यकाची. एका रापणीत सहाही गट येतात, शिवाय फोटो काढणारे पर्यटक उरतात.

आंबोलीचंही तसंच. हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाचं देऊळ आहे, तिथल्या पाण्यात छोटे मासे आहेत. २०२० साली त्यातल्या एकाचं शास्त्रीय वर्णन झालं आणि त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळालं. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. मासा विज्ञानाचा, तीर्थ मानव्यविद्येचं, संरक्षण कायद्याचं. मासा मात्र तिन्ही खात्यांत एकाच वेळी पोहतो.

मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कातळात कोरलेल्या आकृत्या आहेत. कोकणातल्या अशा कातळशिल्पांची नावं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात कुडोपीही आहे. ती कोणी कोरली यावर विद्वानांचं काम चालू आहे. आमच्याकडे मात्र ज्या दगडी कामाचा कर्ता सापडत नाही, ते पांडवांच्या नावावर एका रात्रीत टाकायची रीत आहे. पाच जणांच्या त्या चमूनं कोकणभर एवढं काम केलं आणि एकही शोधनिबंध छापला नाही!

पण या भागातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट विजयदुर्गाची. किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि सांगतात, की १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबानं इथूनच हेलियम शोधला. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. आता १८ ऑगस्ट १८६८ ला ग्रहण झालं हे खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन ते बघायला गुंटूरला आले होते, हेही खरं. पण नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होते आणि सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची रेष त्यांनी तिथेच ऑक्टोबरमध्ये अभ्यासली. ते विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं झाली होती.

गंमत अशी, की खरी हकीकत दंतकथेहून रंगतदार आहे. लॉकियर यांच्या मदतीला ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी होते. तोफा सांभाळणाऱ्या त्या माणसांना त्यांनी आधी सराव दिला आणि कामं वाटून दिली : कोणी प्रभामंडळाचं चित्र काढायचं, कोणी सावल्या बघायच्या, कोणी उपकरणाशी उभं राहायचं. ग्रहणाची काही मिनिटं म्हणजे भलतीच मोठी रापण होती, आणि दोर ओढायला जहाजावरचा माणूस न् माणूस लागला होता.

गावानं हेलियम स्वतःकडे का घेतला असेल? माझा एक अंदाज आहे, तो कुठल्याही गटात सादर करण्याजोगा नाही. साहेब आले, कट्ट्यांवर नळकांडी लावली, आकाशाकडे बघितलं आणि गेले. काय दिसलं, ते परत येऊन गावाला कोणी सांगितलं नसावं. मग गावानं आपला निष्कर्ष आपणच काढला, आणि काढायचाच तर लहान कशाला काढा?

याच्या उलट वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र. १९५७ सालचं हे केंद्र आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो आणि चिरल्यावर आत साका निघतो. म्हणून तिथल्या लोकांनी नीलमशी त्याचा संकर केला आणि १९८१ साली ‘रत्ना’ दिला. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली ‘सिंधू’ आला; त्याचा बाठा इतका पातळ, की नसल्यातच जमा. फळशास्त्राच्या दृष्टीनं केवढी कामगिरी! आमच्या आज्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, ‘बाठोच नाय तर चोखूचा काय? आणि रायत्यात काय घालूचा?’

हा आक्षेप घेता आला, कारण सिंधू अंगणापर्यंत आला होता. ‘वेंगुर्ला चार’, ‘वेंगुर्ला सात’ ही काजूची कलमंही तशीच आली. कोणी लावली, कोणी नावं ठेवली, पण प्रबंधातलं म्हणणं कुंपणाच्या आत पोहोचलं. मच्छीमारीवरचा, दशावतारावरचा, मालवणी बोलीवरचा प्रबंध मात्र ग्रंथालयाच्या कपाटात सुखरूप राहतो. ज्या काकांनी त्याच्यासाठी दोन दुपारी खर्ची घातल्या, त्यांना पदवी मिळाल्याचंसुद्धा कळत नाही. रापणीचा नियम तर सरळ आहे : दोराला हात लावला, त्याला वाटा.

म्हणून माझी नम्र सूचना आहे, की सहा गटांना एक सातवा जोडावा : परत येऊन सांगणे. विषय कुठलाही चालेल, स्तर कुठलाही चालेल. मौखिक परीक्षा मालवणच्या बंदरावर, लिलाव आटोपल्यावर. परीक्षक म्हणून मासे विकणाऱ्या बायका. माशाचा कल्ला उघडून ताजं-शिळं ओळखणाऱ्यांना संख्याशास्त्र फसवू शकत नाही. भाषा मालवणी. भित्तिपत्रकावर फोटो साहेबाचा नको, काकांचा हवा.

परीक्षार्थी घामाघूम होऊन थांबेल, तेव्हा एखादी काकी टोपली डोक्यावर घेत म्हणेल, ‘ह्या आमका आधीच ठावक होता.’ मोठी नियतकालिकं ‘यात नवीन काही नाही’ असं लिहून निबंध परत पाठवतात. इथे तोच शेरा उत्तीर्णाचा धरावा आणि चार बांगडे घेऊन घरी जावं.