वाफसा

माझ्याकडे आता शेतीचं प्रमाणपत्र आहे. पहिल्या आठवड्यातच मी ही बातमी वॉचमनला, इस्त्रीवाल्याला आणि नात्यागोत्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचवली. ग्रुपवर सव्वीस अंगठे आले. शिक्षण किती दिवसांचं, असं कोणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. इथे सांगून टाकतो: एका दिवसाचं. त्यातही जेवणाची सुट्टी होती, आणि ती मी जरा लांबवली.

नामपल्लीत, रेड हिल्सच्या अंगाला, उद्यान खात्याचे शहरी शेतीचे वर्ग भरतात. ‘मन इल्लू, मन कूरगायलू’, म्हणजे आपलं घर, आपला भाजीपाला. माझ्या पुढच्या बाकावर आयटीतलं एक जोडपं होतं, शेजारी एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. तिघांकडेही वह्या होत्या. मी वही नेली नव्हती. आम्ही मूळचे शेतकरीच, आम्हाला काय लिहून घ्यायचं?

यात अगदीच खोटं काही नव्हतं. देगलूरजवळ आमची कोरडवाहू जमीन आहे. आजोबा निजामाच्या अमदानीत नोकरीसाठी हैदराबादेत आले. १९५६ साली प्रांतरचना झाली आणि आजोबा आंध्र प्रदेशात, शेत मुंबई राज्यात, अशी वाटणी झाली. पुढे शेत काकांनी सांभाळलं, अभिमान आम्ही सांभाळला. शिवाय मी बँकेतून निवृत्त झालो तो शेतीकर्जाच्या टेबलावरून. ‘जमिनीचा प्रकार’ हा रकाना मी अकरा वर्षं भरला आहे. काळी, लाल, मुरमाड. सगळ्या जमिनी माझ्या हाताखालून गेल्या, हाताला कुठलीच लागली नाही.

वर्ग तेलुगूत. माझं तेलुगू भाजीबाजारातलं, भाव पाडण्यापुरतं. लाल माती, कोकोपीट आणि गांडूळ खत सारख्या मापाने घ्या, कडुनिंबाचं तेल फवारा, इथपर्यंत निभावलं. मग सर म्हणाले, कुंडीत ‘वानपामु’ असतील तर फारच उत्तम. पामु म्हणजे साप, एवढं मला येतं. मी दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले. प्राध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि हळूच सांगितलं, वान म्हणजे पाऊस. पावसाचा साप, म्हणजे आपलं गांडूळ. आपण कणा नसलेल्या माणसाला गांडूळ म्हणून हिणवतो, आणि शाळेच्या पुस्तकात त्यालाच शेतकऱ्याचा मित्र म्हणून दोन मार्क मिळवतो. तेलुगू माणसाने मात्र त्याला थेट नागाच्या पंगतीला बसवलं. मी पाय खाली सोडले, पण मूळच्या शेतकऱ्याचा रुबाब काही पुन्हा बसेना.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी जवळच्या पब्लिक गार्डनमध्ये सटकलो. हिचं जुनं नाव बाग-ए-आम. आम म्हणजे सर्वसामान्य जनता, हे मला कळलं तोवर माझं निम्मं बालपण इथे आंबे शोधण्यात गेलं होतं. याच बागेत १९३८ साली पहिली नुमाइश, म्हणजे हैदराबादचं वार्षिक प्रदर्शन, भरली आणि याच बागेत राज्य वस्तुसंग्रहालय आहे, त्यात इजिप्तची ममी आहे. नैशू तिचं नाव. ही बाई मला लहानपणापासून आवडते. इतर पाहुणे हैदराबादेत येतात, बिर्याणी खातात, जातात. ही आली आणि राहिली. निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद राज्य गेलं, आंध्र दुभंगला, हिने कूस बदलली नाही. वडील मला तिच्यासमोर उभं करून म्हणायचे, बघ, दोन हजार वर्षांहून जास्त झाली, किती शांत झोपली आहे! नाहीतर तू.

पण अलीकडे तीही कुरकुरायला लागली होती. कापड विरायला लागलं, तेव्हा तिला प्राणवायू काढून नायट्रोजन भरलेल्या काचपेटीत ठेवलं. त्या पेटीसमोर उभा असताना मला सकाळचा तास आठवला. सर म्हणाले होते, खालची जुनी पानं पिवळी पडू लागली की नायट्रोजन कमी पडतोय असं समजा. म्हणजे राजघराण्यातल्या बाईला नायट्रोजन आणि माझ्या कढीपत्त्यालाही नायट्रोजन! हवेत तो ७८ टक्के आहे, पण झाडाला तसा घेता येत नाही. तूर-हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू तो हवेतून पकडून आणतात. एवढा विचार करून मी वर्गात परतलो तेव्हा पाणी कधी आणि किती घालायचं हा भाग संपून गेला होता.

त्यानंतर दोन महिने मी कढीपत्त्याचा इलाज केला. सकाळ-संध्याकाळ पाणी, आठवड्याला शेणखत, वर आंबट ताकाचा खुराक. पानं जास्तच पिवळी झाली. जास्वंदीवर मावा पडला. टोमॅटोला एक टोमॅटो आला, त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, त्यालाही सव्वीस अंगठे आले.

मग काका आले, मोतीबिंदू दाखवायला. ऐंशीच्या घरातले. संध्याकाळी मी त्यांना गच्चीवर नेलं आणि नायट्रोजनवर व्याख्यान दिलं. गाठी, जिवाणू, सगळं. काका प्रत्येक वाक्याला “असं व्हय” म्हणत होते. कापसानंतर तूर घेणाऱ्या माणसाला मी तुरीची मुळं समजावून सांगतोय, हे माझ्या लक्षात यायला वीस मिनिटं लागली. बोलता बोलता त्यांनी कुंडीत बोट खुपसलं, बाहेर काढलं, धोतराला पुसलं.

“बापू, ह्याला भूक नाही लागलेली. हे बुडायलंय.”

“म्हणजे?”

“वाफसाच नाही ह्यात. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, टिचकी मारली तर फुटावा, तेव्हा वाफसा. मुळाला हवा नको का? इकडं तेलुगूत पदुनु म्हणतेत बघ.”

पदुनु. हा शब्द मला येत होता. तेलुगूत पदुनु म्हणजे धार, सुरीची, विळ्याची. आणि तो मी कुठे ऐकला होता तेही आठवलं.

माझ्या टेबलासमोर एक शेतकरी बसला होता, डोक्याचा टॉवेल काढून मांडीवर ठेवून. त्याच्या पासबुकात नाव एक आणि अर्जावर वडिलांच्या नावातलं एक अक्षर वेगळं. मी म्हटलं, सोमवारी या. तो म्हणाला, “पदुनु पोतदि, सार.” मला वाटलं, अवजाराची धार जाईल म्हणतोय. मी हसून म्हटलं, मग परत धार लावून घ्या. तो काही बोलला नाही. टॉवेल उचलला आणि गेला. सोमवारी आला, मंगळवारी सही झाली, बुधवारी पैसे जमा झाले. माझ्या फायलीत ते प्रकरण वेळेत निकाली निघालेलं आहे. त्याचा वाफसा कोणत्या वारी गेला, याला रकाना नव्हता.

काकांना हे सांगितलं नाही. खाली आल्यावर त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र काढायला लावलं, दोन हात लांब धरून इकडून तिकडून पाहिलं आणि विचारलं, “ह्याच्यावर कर्ज भेटतंय का?”

“नाही.”

“मग फ्रेमचा खर्च कशाला केलास?”

जाताना त्यांनी एकच उपाय सांगितला: आठ दिवस कढीपत्त्याला हात लावायचा नाही. तहान लागू दे त्याला. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. डोळ्याचं विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, “बापू, पाणी तर घातलं नाहीस ना?”

“नाही, काका.”

मग हातातला पाण्याचा मग पुन्हा टाकीत रिकामा केला आणि खाली आलो.