कुंभाराचं गाढव

तीर्थपुरीत तर्कशास्त्र शिकलेला मी एकटाच, अशी माझी समजूत आहे. ती पडताळून पाहण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

परवा शेजारचे दादा म्हणाले, "मास्तर, मोसंबी लय गळायली. काय कारण आसंल?" कारण! चहा थंड होऊ देऊन मी सुरू झालो. कारणं तीन. उदाहरण घड्याचं. त्याच्या दोन खापऱ्या हे समवायी, त्यांचा जोड हे असमवायी. कुंभार, चाक, दांडा ही निमित्त. दादा म्हणाले, "मग फवारू काय?"

नव्या बोअरचं पाणी दिल्यापासून गळ लागली, असा त्यांचा संशय. मी काकतालीय न्याय काढला. "म्हंजे कावळा बसाया न् फांदी मोडाया," म्हणून ते मोकळे झाले. माझं संस्कृत फुकट गेलं.

नैयायिकांच्या मते मन अणूएवढं. म्हणून एका वेळी एकच ज्ञान होतं. दादांचं मन बागेत होतं, माझं माझ्याच बोलण्यात. समर्थांचं जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यात. मनाला समजवायला त्यांनी 205 श्लोक घातले. माझ्या मनाला त्यातला एकही लागू पडलेला नाही.

पण मी खरा रमतो तो गाढवापाशी. माती गाढवानं आणली, तरी घड्याच्या कारणांत गाढवाला जागा नाही. का? तर माती बैलगाडीनंही आली असती. म्हणून गाढव अन्यथासिद्ध, म्हणजे यादीतून बाद. सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननांनी 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त हे सगळं चोख मांडलं. उन्हातान्हात ओझी वाहिली त्यानं आणि नाव दांड्याचं! ऊसतोडीच्या टोळ्या गावाबाहेर उतरतात तेव्हा मला हे गाढव हटकून आठवतं, आणि साखरेच्या पोत्यावर कुणाचं नाव छापलेलं असतं तेही.

त्याच यादीत गाढवाच्या अगदी शेजारी आणखी एक जण बाद आहे: कुंभाराचा बाप. तो कुंभाराचं कारण, घड्याचं नव्हे. परीक्षेत हे मी घडाघडा लिहिलं होतं. त्या परीक्षेची फी वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडून भरलेली. शास्त्राप्रमाणे माझ्या पदवीशी त्यांचा काही संबंध नाही. इथे मी शास्त्र मानत नाही. युक्तिवाद विचारू नका, माझ्याकडे नाही.

दादांची मोसंबी अजून गळतेच आहे. फळगळीवर कुणाकडे खात्रीचा इलाज असेल तर कृपा करून मला कळवा. दादांना थेट सांगू नका. ते मी सांगेन.