आईचं माहेर

पासवर्ड विसरला की माझ्या बँकेची साइट एक गुप्त प्रश्न विचारते : तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय? हा प्रश्न ज्यानं शोधून काढला, तो इंदापूर तालुक्यात कधी लग्नाला आलेला नसणार.

आमच्याकडे पत्रिकेवर मामा छापावाच लागतो. नाही छापला तर मामा रुसतो, आणि रुसलेल्या मामाला मांडवात आणण्यापेक्षा बंद पडलेलं खातं सुरू करणं सोपं. २००४ साली माझ्या लग्नाच्या १२०० पत्रिका काढल्या. वर कुलदैवत, मध्ये आम्ही दोघं, आणि खाली ठळक टायपात ‘वराचे मामा’, त्यांचं संपूर्ण नाव, रा. बावडा, ता. इंदापूर, जि. पुणे. त्याखाली निमंत्रक, संयोजक, कार्यवाहक, व्यवस्थापक धरून भावकीतली ऐंशी नावं आणि तळाला चिमुकल्यांची किलबिल. म्हणजे माझ्या खात्याचं गुपित मी स्वतःच्या हातानं, अक्षता घालून, बाराशे घरांत पोचवलं होतं. त्यातल्या काही घरांत ते अजून कपाटाच्या आरशाला खोचलेलं आहे.

साइट दुसरेही प्रश्न देते. जन्मतारीख? पुतण्यानं दर वर्षी आमच्या गावच्या, सणसरच्या चौकात फ्लेक्स लावायचा नेम धरलाय. त्यावर माझा गॉगल घातलेला फोटो (गॉगल माझा नाही, दुकानदारानं घातलाय), तारीख, टोपणनाव आणि मोबाइल नंबर. पाळलेल्या प्राण्याचं नाव? आई रोज तिन्हीसांजेला आमच्या कुत्र्याला पार कालव्यापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारते. पहिली शाळा कोणती? जिल्हा परिषदेची. चोराला इथं फारसं डोकं चालवावं लागणार नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मी बातमी वडिलांना, म्हणजे अण्णांना, वाचून दाखवली. अण्णा म्हणाले, “नऊ जणांचं एकमत? आपल्या भावकीत बांधावरच्या बाभळीवरनं दोघांचं होत न्हाई.” हक्काबद्दल काही बोलले नाहीत. मी मात्र त्या भरात माडीवरच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली, घरचा कॉम्प्युटर तिथं नेला आणि दार लावून बसलो. पाच मिनिटांत आई काढा घेऊन वर आली. तिच्यामागं शेजारच्या काकू, “काय दुखतंय?” आमच्या गावात दिवसाउजेडी दार लागलं की त्याचे दोनच अर्थ होतात : घरात कोणी आजारी आहे, नाहीतर वाटणी चाललीय.

हा कॉम्प्युटर नंतरचा. पहिला आला तो एमएस-सीआयटीच्या लाटेत. बारामतीत सुटे भाग जुळवून घेतला आणि जीपमधून आणला. मॉनिटर माझ्या मांडीवर, सीपीयू अण्णांच्या पायाशी. आईनं हळदकुंकू वाहिलं आणि वर क्रोशाचा रुमाल घातला. इंटरनेट नव्हतं, त्यामुळं चोर यायचा तो पेन ड्राइव्हमधून. पेन ड्राइव्ह आळीत विरजणासारखा फिरायचा, आणि एका घरचं बिघडलं की सगळ्या आळीचं बिघडायचं. लग्नाचं शूटिंग, भजनी मंडळाची गाणी, सोसायटीच्या याद्या, सगळं त्याच एकावर. सोबत ‘न्यू फोल्डर’ नावाचं एक पिवळं फोल्डर. ते फोल्डर नव्हतंच. फोल्डरचं सोंग घेतलेला प्रोग्राम होता. नावामागं ‘डॉट ईएक्सई’ अशी शेपटी असायची, पण विंडोज ती शेपटी आपणहून झाकून ठेवायचं. उघडलं की त्याला पिल्लं. मी ते रोज उघडायचो, कारण कालही आत काय आहे ते कळलं नव्हतं. त्या वर्षांत आमच्या कॉम्प्युटरचं खरं संरक्षण केलं ते लोडशेडिंगनं.

शेवटी अँटिव्हायरस घ्यायचं ठरलं. पैसे अण्णांचे, तेव्हा चौकशी आलीच. अण्णा साखर कारखान्यात चिटबॉय म्हणून लागले आणि वजनकाट्यावरून निवृत्त झाले. भरल्या गाडीत ऊस किती आणि पाचट किती, हे नजरेनं सांगणारा माणूस.

“हे करतं कोण?”

मी सांगितलं, क्विक हील, पुण्याची कंपनी. कैलास काटकर आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढायचा प्रोग्राम लिहिला. १९९५ पासून विकतात.

“मूळ गाव?”

“रहिमतपूर. जिल्हा सातारा.”

“भाऊ-भाऊ आजून एकत्र हायेत?”

“आहेत.”

“मग घे. माल चांगला असणार.”

माणूस ओळखायची अण्णांची ही एकच रीत. गाव कोणतं, कोणाच्यातले, मामा कुठले. तीन प्रश्नांत ते समोरच्याची सात पिढ्यांची पडताळणी करतात. मी त्यांना पुष्कळ समजावलं, की आता जग बदललंय, आता ओटीपी असतो. तो त्यांनी मान्य केला. मी माडीवर कॉम्प्युटरशी बसलो, की खाली ओसरीवर त्यांच्या फोनवर आलेला ओटीपी ते मला वाचून दाखवतात. चष्मा लावून, एकेक आकडा सुटा, आणि अर्ध्या सणसरला ऐकू जाईल अशा काट्यावरच्या आवाजात. “चाऽर! साऽत! आला का? साऽत!” एकदा समोरच्या टपरीवरून कोणीतरी उरलेला आकडा सांगितला.

मी माझ्याकडून घर बंदिस्त करायचा प्रयत्न केला. मार्क झुकरबर्गनं २०१६ मध्ये टाकलेल्या एका फोटोत त्याच्या लॅपटॉपचा कॅमेरा चिकटपट्टीनं झाकलेला दिसला होता. तो आईला दाखवला. तिनं कपाळावरची टिकली काढून आमच्या कॅमेऱ्यावर लावली. तेव्हापासून सणावाराला आमच्या कॉम्प्युटरची टिकली बदलते, दिवाळीत खड्यांची असते. राउटर आला तेव्हा त्याचा कंपनीनं दिलेला पासवर्ड बदलून मी चांगला सोळा अक्षरांचा घातला. आषाढीला तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी आली. त्या रात्री आमच्या ओसरीवर चाळीस माणसं झोपतात, एकाचंही नाव आम्हाला माहीत नसतं, दार सताड उघडं, आणि आजवर घरातला तांब्या हलला नाही. वारकऱ्यांना घरी फोन करायचे होते, रेंज नव्हती. अण्णांनी पासवर्ड ओसरीच्या भिंतीवर खडूनं लिहून टाकला. सोळाच्या सोळा अक्षरं, ठळक. पुसायचा नाही म्हणाले, पुढच्या वर्षी लागेल.

झेरॉक्सचं तर बोलूच नये. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं, आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत वापरा, असं पत्रक काढलं आणि दोनच दिवसांत ते मागं घेतलं गेलं. बरं झालं. कचेरीसमोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरच्या पडद्यावर मी ‘अण्णा आधार फायनल’, ‘अण्णा आधार फायनल नवीन’ आणि ‘अण्णा आधार हेच घ्या’ अशा तीन फायली पाहिल्यात. एकाही फायलीतले अण्णा आमचे नव्हते.

चोरी किती मोठी असू शकते हे अण्णांना पटलं ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांच्या खेपेत ९४ कोटी रुपये गेले. शनिवारी, ११ तारखेला, बनावट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले आणि सोमवारी उरलेला हात मारला. अण्णा पेपर खाली ठेवून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “एवढी टोळी एका टायमाला फडात उतरवायची म्हंजे मुकादम लई हुशार पायजे. उचल किती दिली असंल रं?”

अण्णांना स्वतःला फोन आला तो दुपारी दोनला. व्हिडिओ कॉल. पलीकडं खाकी गणवेश, मागं झेंडा, टेबलावर फायली. आपल्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत, आपण डिजिटल अरेस्ट झालेला आहात, खोलीतून हलायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. मी बारामतीला ऑफिसात होतो. पुढचं सगळं आईकडून कळलं.

अण्णांनी आधी नमस्कार घातला. मग त्यांच्या हिंदीत विचारलं, “साब, आप कोन गाव के?”

“मुंबई क्राइम ब्रँच!”

“मुंबई तो सबकीच है. मूळ गाव?”

त्यानं कायद्याची कलमं वाचायला घेतली. अण्णा म्हणाले, पकडा है तो गाडी भेजो. आमच्याकडे अटक म्हणजे गाडी येते, फौजदार उतरतो, पोरं मागं पळतात, चार लोक ‘काय झालं’ म्हणून विचारतात. कोणी बघितलंच नाही तर अटक कसली? तेवढ्यात ओसरीवरनं शेजारचे तात्या आत आले, कारण आमच्या घरात येताना कोणी विचारत नाही. साहेब दिसल्यावर तेही फोनसमोर बसले. त्यांच्यामागं दुधाचा हिशोब द्यायला आलेला पोरगा. आई चहा घेऊन आली आणि तिनं साहेबाला विचारलं, जेवण झालं का? दहा मिनिटांत कॅमेऱ्यासमोर सात माणसं होती आणि तात्या साहेबाला पार्सलचं वजन विचारत होते. ‘अकेले में बैठो’ असं तो तीनदा ओरडला म्हणे. मग त्यानंच फोन ठेवला. ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी सांगितलं, की डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाहीच. अण्णा ते ऐकून म्हणाले, “तात्यानं तर तवाच सांगितलं हुतं.”

मी त्या आठवड्यात रुबाबात होतो. संध्याकाळी ओसरीवर बसून सगळ्यांना सायबर सुरक्षेवर व्याख्यान दिलं. अनोळखी लिंक उघडू नका, युपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही, वगैरे. तात्या मान डोलावत होते.

आणि वैशाखात, माडीवर, आतून कडी लावून मी बसलो असताना, दाजींच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. ‘लग्नपत्रिका’. मी कॉम्प्युटरवर उघडायला गेलो. कॉम्प्युटर म्हणाला, ही फाइल कशानं उघडू? परत क्लिक केलं. तो परत म्हणाला, कशानं? वीस वर्षं संगत करून तो शहाणा झाला होता, मी नव्हतो. लग्न चुकलं तर आमच्याकडे दोन पिढ्या बोलतात, म्हणून मी तीच फाइल फोनवर उघडली. फोननं बजावलं, की हे ॲप अनोळखी ठिकाणचं आहे. दाजी अनोळखी? मी परवानगी दिली. त्यानं मेसेज वाचायची परवानगी मागितली. पत्रिकेला माझे मेसेज कशाला वाचायचेत, हा प्रश्न मला पडला, पण तो रात्री नऊला. नावामागं शेपटी होती, ‘डॉट एपीके’. या खेपेस ती झाकलेलीसुद्धा नव्हती.

दोन हप्त्यांत १८ हजार गेले. ओटीपी येत होते आणि मी वाचायच्या आत कोणीतरी वाचत होतं. अण्णांसारखं, फक्त आवाज न करता. मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला, बँकेला कार्ड बंद करायला सांगितलं, फोनचं नेट तोडलं. १९३० वर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तिथंच गोठवता येतात. माझे ११ हजार असे मधल्या खात्यात अडकले आणि नंतर परत आले. उरलेले सात गेले.

पैशापेक्षा पत्रिकेचं जड गेलं. कारण दरम्यान ती माझ्या नंबरवरून माझ्या सगळ्या पाहुण्यांना गेली होती. निमगाव केतकीहून आत्याचा फोन आला, “पोरीचं जमवलंस आणि आम्ही मेलो का?” पोरगी अकरावीत आहे. लासुर्ण्याचे एक जण तर तारीख विचारून मोकळे झाले, ऊसतोडीच्या आधी धरा म्हणाले. सगळ्यांना एकेक फोन करून उघडू नका म्हणून सांगितलं. शेवटी बावड्याच्या मामांना लावला.

“मी न्हाई उघडली,” मामा म्हणाले. “फोनवरच्या पत्रिकेला मी जात नसतो. घरी यायचं, कुंकू लावायचं, मग पत्रिका. रीत हाय का न्हाई?”

खाली आलो तर अण्णा ओसरीवर होते. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पत्रिकेवर मामा कुठला हुता?”

मी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बसून सगळे पासवर्ड बदलले. गुप्त प्रश्नाचं उत्तर खरं द्यायचं नसतं, हे तोवर कळलं होतं. यंत्राला काय, आपण लिहू तेच आपलं माहेर. भिगवणला उजनीच्या पाण्यावर पाहिलेले पक्षी आठवले आणि आईच्या माहेरच्या आडनावाच्या जागी मी ‘फ्लेमिंगो’ असं लिहिलं. आई मागं टिकली बदलायला उभी होती.

“हे काय लिवलंस?”

मी समजावलं. ती ऐकत होती, पण चेहरा उतरला. “माझ्या माहेराला लपवण्यासारखं काय झालंय?” म्हणाली आणि खाली गेली. मला वाटलं, विषय संपला. मग ओसरीवरनं तिचा आवाज आला. ती फोनवर होती आणि हाक कालव्यापर्यंत पोचत होती.

संध्याकाळी मामांचा फोन आला.

“काय रं, आमचं आडनाव फ्लेमिंगो केलंस म्हणं. गॅझेटला दिलंस का?”