राजीनामावीर

महाराष्ट्रात माणूस नोकरीसाठी धावतो. कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर जाऊन पाहा, भरतीची पोरं धापा टाकताना दिसतील. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. धावलं की गुण, गुणांवर वर्दी, वर्दीवर लग्न, असा सरळ हिशेब. सावरपाड्याच्या कविता राऊतला धावण्यानं ओएनजीसीत नेलं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. आधी रेल्वेत होती, पुढं उपजिल्हाधिकारी झाली.

राजीनामावीरानं हा हिशेब उलटा मांडला. आधी नोकरी, तीही हिंजवडीत, हाताखाली पंचवीस माणसं. मग राजीनामा. मग धावणं.

वय साधारण बेचाळीस. दुखण्याची सुरुवात कंपनीच्या वार्षिक तपासणीत होते. कोलेस्टेरॉल वाढलेलं असतं आणि डॉक्टर म्हणतात, “जरा चालत जा.” किती चालायचं ते डॉक्टर सांगत नाहीत, एवढीच त्यांची चूक. पहिल्या पावसाळ्यात तो साताऱ्याला जातो. तिथली हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून भरते. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि कासच्या रस्त्यावरून परत उतरायचं. दुसऱ्या वर्षी जानेवारीत मुंबई, 42.195 किलोमीटर. त्यात पाय संपल्यावर पेडर रोडचा चढ येतो. मुंबईकर त्या रस्त्यावरून रोज टॅक्सीनं जातात, त्यांना तिथं चढ आहे हे माहीतही नसतं. तिसऱ्या वर्षी गोवा. इतरांना मिरामारच्या किनाऱ्यावर सूर्यास्त दिसतो. याला दिसतं 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि उरलंच काही तर 21 किलोमीटर धावणं. या शर्यतीला ‘अर्धा’ आयर्नमॅन म्हणतात. अर्ध्यावर समाधान मानणारा माणूस राजीनामा देत नाही.

“दुसऱ्या कंपनीत चाललास का?” साहेबांनी विचारलं.

“डर्बनला,” तो म्हणाला.

साहेबांना वाटलं, आफ्रिकेतला प्रोजेक्ट मिळाला.

डर्बनला जाण्याचं कारण कॉम्रेड्स. दक्षिण आफ्रिकेतली ही शर्यत पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ 1921 मध्ये सुरू झाली. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमधलं सुमारे 88 किलोमीटरचं अंतर. एक वर्ष चढाचं, एक वर्ष उताराचं. पहिल्या वर्षी 34 जण निघाले आणि 16 पोचले. मुदत बारा तास. बारा तास भरले की अंतिम रेषेवरचा अधिकारी धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि पिस्तुलाचा बार काढतो. बार झाल्यावर एक सेकंदानं आलात तरी पदक नाही. त्यानं पाठ का फिरवायची? तर येणाऱ्याचा चेहरा पाहून हात कचरू नये म्हणून, असं राजीनामावीर सांगतो. हे त्यानं सोसायटीच्या गणपतीत, मेहुण्याच्या साखरपुड्यात आणि एकदा बँकेत खिडकीपलीकडच्या बाईंना सांगितलेलं आहे. तो स्वतः बारा मिनिटं राखून पोचला होता. ती बारा मिनिटं अजून संपलेली नाहीत.

घरची माणसं सोशिक. आई एकदाच म्हणाली, “अरे, एवढं पळून शेवटी येतोस कुठं? घरीच ना?” आरोग्यविमा आता बायकोच्या कंपनीचा, अर्जात त्याचं नाव ‘अवलंबित’ या रकान्यात, मुलीच्या वरच्या ओळीत. सासरे सांगलीचे. लग्नकार्यात कुणी “जावई काय करतात?” म्हणून विचारलं, की ते “बाहेरगावी असतात” म्हणतात. दर रविवारपुरतं ते खरंही असतं.

गंमत अशी, की नोकरी सोडून ज्यातून सुटायचं होतं ते सगळं याच्यामागून घरी आलं. पावणेचारचा गजर. सोळा आठवड्यांचं वेळापत्रक एक्सेलमध्ये, लाल-पिवळे-हिरवे रकाने. हजेरी स्ट्राव्हा ॲपवर. एखादी लाँग रन तिथं चढली नाही तर ती झालीच नाही, असा नियम. बंगळुरूचा एक कोच दर सोमवारी फोनवर आढावा घेतो. आणि मनगटावर घड्याळ. चौदा वर्षांच्या अप्रेझलमध्ये कुठल्याही साहेबाची हिंमत झाली नव्हती; या घड्याळानं मात्र सिंहगड दोनदा चढून आल्यावर त्याच्या तोंडावर लिहून दाखवलं: ‘अनप्रॉडक्टिव्ह’. तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी घड्याळानं विश्रांती कमी पडते, असाही शेरा मारला.

पैशाचं विचारू नये, पण सोसायटीत विचारतातच. बक्षिसं इथिओपिया-केनियाकडे जातात, भारतीयांसाठीची बहुतेक लष्करातल्या धावपटूंकडे. लष्करातल्याच शिवनाथ सिंगांनी 1978 मध्ये जालंधरला 2 तास 12 मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली होती. आपला माणूस पावणेचार तासांचा. तेवढ्यात शिवनाथ सिंग आंघोळ करून, जेवून वामकुक्षीला पडले असते.

दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर तर पूर्ण तयारीनिशी येतात. अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’, सुमारे 4800 किलोमीटरची सायकल शर्यत, 2015 मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी जोडीनं पुरी केली. दोघेही डॉक्टर. 2017 मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ ती एकट्यानं पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. ते लष्करात डॉक्टर. त्याच वर्षी नागपूरचे अमित समर्थ, तेही डॉक्टर. “सगळ्यांच्या हाताशी धंदा होता हो,” काका म्हणतात.

“डॉक्टरांना जागरणाची सवय असते,” राजीनामावीर म्हणतो आणि जिना चढून जातो. लिफ्ट तो वापरत नाही. उतरताना वापरतो, गुडघ्यांसाठी.

गेल्या दिवाळीपासून मात्र घरात थोडे पैसे येऊ लागलेत. त्यानं शिकवणी सुरू केली. अकरा शिष्य आहेत, सगळे आयटीतले, सगळ्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं. फी एक तारखेला जमा होते, म्हणजे त्यांचा पगार झाल्यावर. त्यांतल्या दोघांनी परवा राजीनामे दिले. सध्या तो रोज संध्याकाळी त्या दोघांच्या घरी जाऊन, त्यांच्या आयांच्या बाजूला बसून, राजीनामा मागे घ्या म्हणून त्यांची समजूत घालतोय.