भूत नियमात बसत नाही

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेल्या माणसाने पुढे काय करावं, याबद्दल कुठल्याच नियमपुस्तिकेत काही दिलेलं नाही. माझ्या बरोबरचे काही जण देवदर्शनाला लागले, काहींनी शेअर बाजारात फंडाचे पैसे घालवले. मी सिनेमे बघायला लागलो. नुसते बघत असतो तर कुणाची हरकत नव्हती. पण जन्मभर दुसऱ्याच्या हिशेबावर आक्षेप काढलेले. दिवे लागले की शेरा मारल्याशिवाय मला खुर्चीतून उठवत नाही. सकाळचा पहिला खेळ स्वस्तात पडतो, म्हणून मी तो बघतो आणि संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर अहवाल सादर करतो. मागितलेला नसतानाही.

अहवाल बिनचूक व्हावा म्हणून एक खिशातली वही केली. थिएटरात अंधार असतो ही बाब वही घेताना विचारात घेतलेली नव्हती. अंधारात लिहिलेली ओळ आधीच्या ओळीवर जाऊन बसते. ‘ओपनहायमर’ची टिपणं घरी येऊन चष्मा लावून वाचली, तर त्यात ‘बाँब’, ‘सही कुणाची?’ आणि ‘समोसा गार’ हे तीन शेरे एकमेकांच्या मांडीवर बसलेले सापडले. त्यातला ‘सही कुणाची?’ हा प्रश्न सिनेमाबद्दल होता की समोशाच्या बिलाबद्दल, हे आजही सांगता येणार नाही.

‘ओपनहायमर’ 2023चा, तीन तासांचा. त्यात मध्येच चित्र काळंपांढरं होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी सोडून दिलं. पुन्हा झालं तेव्हा उठलो, बाहेर जाऊन गणवेशातल्या पोराला गाठलं आणि म्हटलं, “तुमच्या मशीनमधला रंग जातोय, बघा जरा.” तो म्हणाला, “काका, ते तसंच आहे.” मी म्हटलं, “तिकीट रंगीतचं घेतलंय.” नंतर भाच्याने समजावलं की रंगीत भाग ओपनहायमरच्या नजरेतून आहे आणि काळापांढरा त्याच्यावर डूख धरून बसलेल्या लुईस स्ट्रॉसच्या बाजूचा. असेल. पण हे पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहायला काय हरकत होती? पुढे मामूटीचा ‘भ्रमयुगम्’ पाहिला, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत काळापांढरा. तिथे मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बायको म्हणाली, सुधारलात.

‘ओपनहायमर’मधल्या अणुचाचणीच्या प्रसंगाबद्दल सगळे बोलतात. 16 जुलै 1945, पहाटेची वेळ, न्यू मेक्सिकोचं वाळवंट. लखकन उजेड होतो आणि आवाजच येत नाही. प्रकाश आधी पोचतो, आवाज मागून. दिग्दर्शक नोलन तोवर सगळं थिएटर श्वास रोखून बसवून ठेवतो. एवढ्या शांततेत माझ्या मांडीवरच्या घरून नेलेल्या चिवड्याच्या पिशवीची गाठ सुटली. प्लास्टिकची पिशवी इतक्या दूरवर ऐकू जाते हे मला माहीत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या मुलीने मागे वळून पाहिलं. मी घाबरून पिशवी मिटायला गेलो, त्याने आवाज वाढला. मग स्फोट झाला आणि मी सुटलो. आयुष्यात अणुबाँबचे आभार मानलेला बहुधा मी एकटाच असेन.

पण खरा सिनेमा त्याच्या पुढे आहे. 1954 साली वॉशिंग्टनमधल्या एका साध्या खोलीत ओपनहायमरची चौकशी चालते. कोर्ट नाही, ज्युरी नाही. त्याच्याविरुद्धची कागदपत्रं त्याच्याच वकिलाला बघता येत नाहीत, कारण ती गोपनीय आणि वकिलाकडे परवाना नाही. जुने मित्र एकेक करून साक्षीला येतात आणि हातचं राखून बोलतात. अहो, ही विभागीय चौकशी! अशा चौकश्यांचे कागद मी किती चाळले आहेत. साहेबांच्या चेहऱ्यावरून निकाल आधीच वाचता येतो. त्या खोलीत पंखा कुठे असेल, चहा कोण आणत असेल, हेसुद्धा मला ठाऊक होतं. परवाना काढून घेतला तो कायमचा. 1967 साली माणूस गेला आणि तो निर्णय अमेरिकेच्या ऊर्जामंत्र्यांनी रद्द केला डिसेंबर 2022मध्ये. फाइल कुठल्या टेबलावर पडली होती, हे कुणी विचारलंय का?

कट्ट्यावर मी सांगितलं, “विभागीय चौकशीवर इतका चांगला पिक्चर झालेला नाही.”

“आणि बाँब?”

“बाँबही आहे मध्ये.”

याचा परिणाम वाईट झाला. आमच्यातले एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ माझ्या शब्दावर जाऊन बघून आले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःची चौकशी, एका बंधाऱ्याच्या सिमेंटच्या गोण्यांवरून झालेली, पहिल्या नोटिशीपासून सांगायला घेतली. पुरवणी आरोपपत्रापर्यंत पोचायलाच पावसाळा उजाडला. माणसं वेगळ्या बाजूने फिरायला जाऊ लागली.

विज्ञानपटांच्या बाबतीत मी भाच्याला बरोबर नेतो. तो इंजिनिअर आहे. ‘इंटरस्टेलर’ 2014चा, पण फेब्रुवारी 2025मध्ये आपल्याकडे पुन्हा लागला आणि पोरं पहिल्यांदाच लागल्यासारखी धावली. कृष्णविवराच्या जवळच्या एका ग्रहावर एक तास घालवला की पृथ्वीवर सात वर्षं उलटतात. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहून मी वहीत त्रैराशिक मांडलं: पाव तासाला एक वर्ष नऊ महिने. रांगेचा वेग बघता हे पटण्यासारखं होतं. आत आलो तेव्हा नायकाची लेक बापाएवढी झालेली. पण माझा आक्षेप वेगळा होता. ही मंडळी ग्रहावर उतरतात आणि एक सहकारी वर यानात त्यांची वाट बघत तेवीस वर्षं एकटा काढतो. एकटा! त्याच्या वेतनवाढी कोणत्या घड्याळाने धरायच्या? अर्जित रजा किती शिल्लक? सिनेमात याचा उल्लेखही नाही. भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही रडलात की नाही ते सांगा.” तो बाप यानात बसून पोरांचे तेवीस वर्षांचे निरोप एकापाठोपाठ एक बघतो, तिथे माझे डोळे भरले होते. पण ते अहवालात घालण्याची पद्धत नाही.

तसं कृष्णविवरापाशी काळ मंदावतो हे मला नोलनने शिकवलेलं नाही. जयंत नारळीकरांनी शिकवलं. ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने धाडली, स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून. आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिहून घेतली पत्नीकडून. बक्षीस त्या कथेलाच मिळालं. हे सगळं मी भाच्याला मध्यंतरानंतर सविस्तर सांगत होतो, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, “काका, तुमचं कृष्णविवर बंद करता का?”

‘ड्यून’च्या दुसऱ्या भागाबद्दल थोडक्यात: पाण्याचा हिशेब चोख ठेवलेला एवढा मोठा सिनेमा दुसरा नाही. मेलेल्या माणसाच्या अंगातलं पाणीसुद्धा ते लोक जमा धरतात. वाळूतले अजस्र किडे ठेक्यात पडणाऱ्या पावलांवर येतात म्हणून तिथे बेताल चालावं लागतं. मी मध्येच लघवीला जाऊन अंधारात पायऱ्या चढत परत आलो तेव्हा अगदी तसाच चालत होतो, असं भाचा म्हणाला.

आता भुतं. माझं मत असं की भुताला नियम हवेत. नियमात बसणारं भूत घाबरवतं. वाटेल तेव्हा वाटेल तिथून उगवणारं भूत हा नुसता गोंगाट. ‘सिनर्स’मधले रक्त पिणारी पिशाच्चं बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत; आमच्या सोसायटीत येणाऱ्या विमा एजंटांनी हा सिनेमा सक्तीने बघावा. ‘मुंज्या’ला लग्न करायचंय, मागणी स्पष्ट, अर्ज परिपूर्ण. ‘अ क्वाएट प्लेस : डे वन’मधले प्राणी आवाजावर झडप घालतात. सुरुवातीलाच सांगतात की न्यूयॉर्कचा गोंगाट सरासरी 90 डेसिबल. तो बघून मी नदीकाठच्या रस्त्याने घरी येत होतो आणि तिथे ढोल-ताशा पथकांचा सराव चालू होता. ते प्राणी पुण्यात उतरले असते तर पहिल्या संध्याकाळीच कानांवर हात ठेवून परत गेले असते.

हा सिद्धांत मी कट्ट्यावर मांडला, त्याला दादही मिळाली. मग ‘तुंबाड’ पुन्हा लागला.

2018 साली तो आला तेव्हा मी नोकरीत होतो, आणि मार्चअखेरीपुढे कुणाला त्यातल्या हस्तर नावाच्या शापित देवाची भीती वाटत नाही. सप्टेंबर 2024मध्ये तो परत आला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. राही अनिल बर्वेंचा हा सिनेमा म्हणजे नियमांचा कळस. हस्तरकडे सोनं आहे, अन्न नाही. तो भुकेला. कणकेची बाहुली टाकली की तो तिच्यावर तुटून पडतो, तेवढ्यात त्याच्या लंगोटीतून मोहरा काढायच्या. आपल्याभोवती पिठाचं रिंगण असेल तर त्याला आत येता येत नाही. सगळं कसं नियमाप्रमाणे. थिएटरात मी बिलकूल घाबरलो नाही. उलट वहीत ‘कार्यपद्धती समाधानकारक’ असं लिहिलं.

रात्री तहान लागली म्हणून फ्रिज उघडला. आत स्टीलच्या डब्यात सकाळच्या पोळ्यांची कणीक मळून ठेवलेली. झाकण तिरकं. गोळ्यावर बायकोच्या बोटांचे दोन खड्डे पडलेले, बरोबर डोळ्यांच्या जागी, आणि खाली तिसरा, तोंड उघडं असल्यासारखा. फ्रिजच्या दिव्यात तो गोळा माझ्याकडे बघत होता. मी दार लावलं. पाणी न पिता. मग विचार केला की नियम माहीत असताना त्याचा लाभ न घेणं हा निष्काळजीपणा होईल. डब्यातून वाडगाभर पीठ घेतलं आणि पलंगाभोवती रिंगण घालून झोपलो. बायको भिंतीकडे तोंड करून घोरत होती; तिलाही संरक्षणात घेतलं.

सकाळी रिंगण काळं दिसत होतं. मुंग्या. त्या पिठावर थांबल्या नव्हत्या, पलंगाच्या पायांवरून वर आल्या होत्या. बायकोने सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “अहो, त्याच्याकडे सोनं होतं. आपल्याकडे पेन्शन आहे. कोण येतंय आपल्या मागे?” मग केरसुणी माझ्या हातात दिली.

सामाजिक सिनेमांच्या वाट्याला मी त्यानंतर जास्त गेलो. तिथे पीठ लागत नाही. पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ बघताना मात्र पुन्हा वही बाहेर काढली: मुंबईतल्या नर्सकडे जर्मनीहून भात शिजवायचा कुकर येतो, पाठवणाऱ्याचं नाव नाही, आवक रजिस्टरला नोंद नाही. कान महोत्सवात ग्रां प्री मिळवलेल्या सिनेमावर असा आक्षेप घेणारा मीच, असं भाचा म्हणतो. कौतुकाने म्हणत असावा.

त्याच सुमारास आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे आली. नगर जिल्ह्यातल्या गावात आयुष्य गेलेली, ऐंशीच्या पुढची. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर म्हणाली, “आता दिसायला लागलंय तर काहीतरी दाखव.” ‘सबर बोंडं’ लागला होता. रोहन कानवडेंच्या या सिनेमाला 2025मध्ये सनडान्सला मोठं बक्षीस मिळालेलं. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो आणि तिथे लहानपणचा सवंगडी बाळ्या भेटतो, दोघांचा एकमेकांवर जीव. मी म्हटलं, सुतक, गाव, शेत. आत्याला जवळचं वाटेल. त्या दोघांचं काय ते मध्यंतरात समजावून सांगू. त्यासाठी वहीत मुद्दे काढून ठेवले होते.

आत्या सिनेमा बघायला बसलीच नव्हती, ती दहाव्याला आली होती. पडद्यावरच्या बायका ओळीने बसल्या की ती पुटपुटायची, “हिला सरकायला सांगा, येणाऱ्याला जागा नको का?” भाऊबंद आनंदच्या मागे लग्नाचं टुमणं लावतात तेव्हा तिच्याने राहवेना. सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अरे, त्याच्या बापाचं दहावं तरी होऊ द्या!” लोक हसले. दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या चिवड्याला कधी टाळी पडली नव्हती. बाळ्याने आनंदसाठी सबर बोंडं आणली तेव्हा तिने मला माहिती पुरवली: निवडुंगाचं फळ, जमिनीवर घासून कुसळं काढायची, नाहीतर जिभेत बसतात, आणि खाल्लं की तोंड लालभडक, चोरून खाताच येत नाही.

मध्यंतरात मी वही काढली, घसा साफ केला. “आत्या, हे दोघं जे आहेत ना, म्हणजे त्यांचं नातं साधारण…”

“मोतीबिंदू काढलाय ना माझा?” आत्या म्हणाली. “दिसतंय मला.”

मी वही मिटली आणि चहा आणायला गेलो.

संध्याकाळी ती माझ्याबरोबर कट्ट्यावर आली. पाटबंधारेवाल्यांनी सवयीने मला विचारलं, “कसा आहे?” मी समीक्षणाला सुरुवात करणार तोच तिने सांगून टाकलं, “बाप गेला, पण पोराला सोबत मिळाली. आई मोठी शहाणी आहे. जाऊन या.” एवढंच. मी दिग्दर्शनाबद्दल बोलणार होतो, पार्श्वसंगीत नसण्याबद्दल बोलणार होतो. ते राहिलं. त्या आठवड्यात कट्ट्यावरची बरीच मंडळी बायकांसकट जाऊन आली आणि एकानेही तिकिटाचे पैसे वाया गेल्याची तक्रार केली नाही, जी माझ्या शिफारशीनंतर हमखास येते. शुक्रवारी सेक्रेटरी जिना चढून आमच्याकडे आले. मी दार उघडलं. ते म्हणाले, “आत्या आहेत का? उद्या कुठला बघावा, विचारायचं होतं.”