एकच तार राहिली आहे

"गुरुजी, तसं सगळं तयारच आहे; फक्त एक तार राहिली आहे," हे वाक्य, आपल्याच मालकीच्या, कालपर्यंत धडधाकट असलेल्या आणि आज पोट उघडे टाकून पडलेल्या वस्तूसमोर हताशपणे उभे राहून, आयुष्यात एकदाही ऐकावे लागले नाही असा वाचक विरळाच असेल; सबब आमच्या चिंचपाड्याच्या दुरुस्तरावांची निराळी ओळख करून देण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. नाव अर्थात मी ठेवलेले. चौथीच्या वर्गात हे गृहस्थ माझ्यापुढे बसत, गणिताची नऊ उदाहरणे बिनचूक सोडवीत आणि दहाव्यापाशी पेन्सील ठेवून "एकच राहिलंय, गुरुजी" असे प्रसन्न मुद्रेने जाहीर करीत. माझ्या छडीला जे साधले नाही ते पुढे जगरहाटीलाही साधले नाही. पंखा, मिक्सर, भजनी मंडळाचा कर्णा, जे जे त्यांच्या दुकानात दाखल झाले त्याची एक तार राहिलीच. आमच्या गावी १९४२ सालापासून ख्रिस्ती मिशनचे रुग्णालय आहे. तेथील डॉक्टरांनी पोट शिवताना "एकच टाका राहिला आहे" म्हणून रोग्यास घरी धाडल्याचे कोणी ऐकले नाही, हा दाखला मी अनेकवार दिला. दुरुस्तराव मनापासून हसले, आणि माझ्या रेडिओची तार राहिली ती राहिलीच.

अशा इसमाच्या हाती मी माझा दूरदर्शन संच का सुपूर्द केला, याचा खुलासा मला आजतागायत करता आलेला नाही. संच कृष्णधवल, लाकडी पेटीचा, सरकत्या शटरचा, चार पायांवर उभा राहणारा. १९८७ साली रामायण सुरू झाले तेव्हा घेतलेला आणि गेली वीस वर्षे माळ्यावर गोणपाटाखाली पडून असलेला. गेल्या आषाढात दुरुस्तराव कौल बदलण्याच्या निमित्ताने माळ्यावर चढले आणि खाली उतरले ते डोळ्यांत एक विलक्षण तेज घेऊन. "गुरुजी, ह्याच्या पोटात व्हिडिओ गेम बसवतो. जुनेच सगळे. मारिओ, काँट्रा." मुदत आठ दिवसांची ठरली.

आता हेच खेळ भिंतीवरच्या सपाट टीव्हीवर खेळता येत असताना वीस-बावीस किलोंचे हे धूड कशाला, अशी रास्त शंका मी घेतली, तेव्हा मला जे व्याख्यान ऐकावे लागले ते एखाद्या कीर्तनकाराच्या पूर्वरंगाला शोभले असते. मारिओ १९८५ सालचा. त्याची चित्रे काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काचेची फुगीर नळीच होती, तिच्यावर ठिपक्यांच्या कडा एकमेकींत विरघळत आणि चित्र सजीव होई. सपाट पडद्यावर तोच मारिओ म्हणजे पाकिटावर चिकटवलेले पोस्टाचे तिकीट. आणि १९८४ सालच्या त्या बदकांच्या शिकारीतली बंदूक तर सपाट पडद्यापुढे आंधळीच, कारण नळीवर चित्र ओळीओळीने उजळते त्या क्षणाचा प्रकाश हेरून ती नेम ओळखते. मी निरुत्तर झालो. शिक्षकाला निरुत्तर करणाऱ्या विद्यार्थ्यास मुदतवाढ नाकारता येत नाही, हे त्यांनी बरोबर ताडले असावे.

विलायतेत २०१२ च्या फेब्रुवारीत, एकोणतीस तारखेला, पत्त्याच्या पानाएवढा एक संगणक विक्रीस आला, रास्पबेरी पाय नावाचा; खेळ चालवायला तोच हवा म्हणून तो आणायला दुरुस्तराव सुरतेस गेले. वाटेत नवापूर लागते, जिथे स्थानकाच्या मधूनच दोन राज्यांची सरहद्द जाते. येताना गाडी तेथे थांबली असता त्यांनी मला फोन केला : "गुरुजी, मी अर्धा गुजरातेत आहे, अर्धा महाराष्ट्रात. सगळं मिळालं. फक्त एक तार..." मी फोन ठेवला.

ती तार कुठे जोडायची हाही प्रश्न होताच. माझ्या संचाला अँटेनाच्या दोन स्क्रूंखेरीज बाहेरून चित्र घेण्याची सोयच नव्हती. थेट आत डाख द्यावा, तर असल्या जुन्या संचांची चासी कित्येकदा घरच्या विजेशी सरळ जोडलेली असते. खेळणाऱ्या पोराने हातातले रिमोट धरावे आणि स्वर्गाची वाट धरावी, अशी ती तजवीज. म्हणून त्यांनी नव्वदच्या दशकातल्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमच्या पोटातला मॉड्युलेटर काढला आणि चित्र अँटेनाच्याच वाटेने, मधल्या कपॅसिटरांच्या पहाऱ्यातून आत धाडले. हे काम मात्र त्यांनी एका बैठकीत, एकही तार न ठेवता पुरे केले, याची मी तेव्हा नोंद घेतली नाही.

दुसरी गोष्टही तशीच. संच बंद केला तरी चित्रनळीत दहा हजार व्होल्टांच्या वरचा भार दबा धरून बसलेला असतो. प्लग काढून झाल्यावर दुरुस्तराव एका लांब स्क्रूड्रायव्हरला तार बांधीत, तिचे दुसरे टोक नळीच्या पाठीवरच्या तांब्याच्या वेणीला अडकवीत, डावा हात पाठीमागे नेत, आणि रबरी टोपीखाली ते पाते हलकेच सरकवीत. टच्! निळी ठिणगी पडे. दुकानात सिमेंटच्या गोण्यांवर बसलेली मावची बोलणारी पोरे या ठिणगीसाठीच येत. तोवर त्यांना ते दाराबाहेर उभे करीत, एकालाही उंबरा ओलांडू देत नसत. ही एक तार त्यांनी कधीही, घाईतसुद्धा, राहू दिली नाही. इतकी कबुली देणे मला भाग आहे.

चित्र आले ते दिवाळीनंतर, आणि आले तेही गिरणीच्या पट्ट्यासारखे खालून वर धावत. पंधरा दिवस दुरुस्तराव तारा हलवीत होते. अखेरीस उमगले की तो संगणक अमेरिकी रिवाजाने सेकंदाला ६० वेळा, ५२५ ओळींचे चित्र पाठवीत होता आणि माझा संच आपला ५० वेळांचा, ६२५ ओळींचा देशी धर्म सोडायला राजी नव्हता. एका फाइलीत शून्य काढून दोन लिहिला, आणि पट्टा थांबला. "म्हणजे तार नव्हतीच राहिली!" मी विजयाने म्हणालो. "तीही तारच, गुरुजी," ते म्हणाले, "आकड्यांची."

परवा संध्याकाळी निरोप आला. पोरे घरी गेली होती. मी संचासमोर स्टुलावर बसलो आणि दुरुस्तराव मागे गेले, अँटेनाच्या स्क्रूंशी खुडबुडू लागले. शटरामागे नुसत्या मुंग्या दिसत होत्या. मागून आवाज आला, "आलं का?"

हाच प्रश्न, याच कंठातून, फक्त कोवळ्या, मी १९८७ साली दर रविवारी सकाळी ऐकला होता. दहा वर्षांचे दुरुस्तराव माझ्या कौलांवर चढून अँटेनाचा बांबू फिरवीत आणि ओरडत; आणि मी गुरुजी असल्याने ओरडणे मला शोभत नसे, म्हणून उत्तर दारातून सौभाग्यवती देत. आज तिला जाऊन आठ वर्षे झाली. उत्तर द्यायला दुसरे कोणी नव्हते.

"आलं रे, आलं!" मी ओरडलो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. काचेवर करड्या आभाळाखाली तो मिशाळ प्लंबर मारिओ धावू लागला होता, अगदी निःशब्द.

दुरुस्तरावांनी संचाआडून डोके काढले. "आवाजाची तेवढी एक तार राहिली आहे, गुरुजी."

"असू दे," मी म्हणालो. "उद्या संध्याकाळी येतो."