दोन फुल्या

निवृत्तीनंतर माणसानं सकाळी रंकाळ्याला फेरी मारावी, येताना मिसळ खावी आणि घरच्यांना ती खाल्ली नाही म्हणून सांगावं; पण मला जावास्क्रिप्ट शिकायची हुक्की आली, आणि शिकून चार दिवस होताहेत तोच, कुणी विचारलेलं नसताना, हिच्या भिशीतल्या बायकांना चक्रवाढ व्याज सांगणारं वेबपान करून देतो असं मी जाहीर करून बसलो.

सूत्र शाळेपासून तोंडपाठ. मुद्दल गुणिले एक अधिक दर, आणि त्याच्या डोक्यावर वर्षं. एक्सेलमध्ये डोक्यावर चढवायला ^ ही टोपी चालते, म्हणून मी इथंही तीच घातली.

भिशीच्या दिवशी चहा झाला, चिवड्याच्या बशा फिरल्या, मी घसा खाकरून दहा हजार रुपये, ८ टक्के, ५ वर्षं असे आकडे भरले आणि उत्तर आलं १०,८०५. सहा वर्षं केली, १०,८०६. दहा केली, १०,८१०.

खजिनदार काकूंनी चष्मा वर केला. "भाऊजी, वर्षाला रुपाया? त्यापरीस तांदळाच्या डब्यात ठेवतो की!"

रात्री लेकीनं उलगडा केला. "बाबा, इथं टोपी म्हणजे घात नाही, एक्स-ऑर. आकडे द्विमानात मांडायचे. वरखालचे अंक वेगळे असले तर एक, सारखे असले तर शून्य." म्हणजे तांबडा नाहीतर पांढरा, एकच रस्सा घ्या, दोन्ही मागितलेत तर वाटी रिकामी. कोल्हापुरात हे चालायचं कसं? त्यात ही टोपी गुणाकाराला आधी वाट देते. आधी १०,८०० झाले, द्विमानात त्यांच्या शेवटी चार शून्यं, त्या मोकळ्या जागेत माझी पाच वर्षं जाऊन बसली.

"पूर्वी मॅथ डॉट पॉव लिहायचे," ती म्हणाली. मिसळीबरोबर ब्रेड खाणाऱ्याला पाव कुठला सुचणार? "२०१६पासून नुसत्या दोन फुल्या द्यायच्या, **."

फुल्या मी संध्याकाळपासून मनातल्या मनात देतच होतो.

फुल्या दिल्या. वर शहाणपणा म्हणून दराच्या चौकटीत नुसतं ८ लिहिलं की भागेल अशी सोय केली, फक्त शंभरानं भागायचं राहिलं. पुढच्या भिशीला दहा हजारांचे पाच वर्षांत एकोणसाठ कोटी चार लाख नव्वद हजार झाले.

चिवडा चावायचा आवाज थांबला.

"भाऊजी," काकू हळूच म्हणाल्या, "ही बँक कुठं आली?"

तोवर हिनं कॅलेंडरच्या मागं दहा हजारांना १.०८ नं पाच वेळा गुणून १४,६९३ लिहिलेसुद्धा होते.

"अहो," ही म्हणाली, "कपबशा विसळा."

तेवढं मला बिनचूक जमलं. एक कप सोडून.